'वेठीस धरणे' : एका वाक्प्रयोगाचा इतिहास

पदव्युत्तर वर्गात भाषांतराचा तास घेत असताना प्रस्तुत लेखकाने एकदा विद्यार्थ्यांना पुढील साधे वाक्य इंग्रजीत करावयास दिले होते : 'पावसाच्या तोंडावर जमीनदार वारल्यांना वेठीस धरीत.' वाक्य डहाणू व तलासरी ह्या भागांच्या १९४५ पूर्वीच्या स्थितीविषयी आहे, एवढे आधी सांगून ठेवले होते. बहुतेकांनी 'होल्ड टू रॅन्सम' असे लिहिले. काहींनी त्याहून पुढे जाऊन वारल्यांना ओलीस ठेवले. एका विद्यार्थिनीने मात्र 'रोप इन' हे बोलीतले, काहीसे हलके क्रियापद वापरले आणि वर्गात थोडा हशा झाला. गुलामीसारख्या विषयाला कट्ट्यावरचे इंग्रजी शोभत नाही, असा त्या हशाचा अर्थ होता. परंतु तिघांत सत्याच्या अधिक जवळ कोण, हे पाहू गेल्यास तीच विद्यार्थिनी होती. वारल्यांना कोणी खंडणीसाठी अडकवून ठेवीत नसे. त्यांना कामावर ओढून नेत. उरलेल्यांची चूक अज्ञानाची म्हणता येणार नाही. त्यांनी त्यांच्या काळाची मराठी लिहिली होती, आणि त्या मराठीत 'वेठीस धरणे' ह्याचा अर्थ खरोखरच 'अडवून धरणे' असा झालेला आहे. हे कसे झाले, आणि तसे होताना इतिहासाच्या अभ्यासकाच्या हातून काय निसटले, ह्याचा विचार करावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

प्रथम त्या इंग्रजी क्रियापदाविषयी थोडेसे. इंग्रजीत क्रियापदाला एखादे लहानसे अव्यय जोडून जो नवा अर्थ साधतात, तो पुष्कळदा दोन्ही घटकांच्या बेरजेतून निघत नाही. 'रोप' म्हणजे दोर आणि 'इन' म्हणजे आत. परंतु 'रोप इन' म्हणजे नाखूष माणसाला गळ घालून वा कोंडीत पकडून कामाला लावणे. हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अमेरिकन इंग्रजीत रूढ झाला. मोकाट गुराच्या गळ्यात फास टाकून त्याला कळपात ओढून आणण्याचे चित्र त्यामागे आहे. आरंभी त्याला फसवणुकीचाही वास होता. जुगाराच्या अड्ड्यावर गिऱ्हाईक ओढून आणणाऱ्या हस्तकालाही ह्याच धातूवरून नाव पडले होते. पुढे धार बोथट झाली. आज इंग्रज माणूस 'मला रोप इन केले' असे म्हणतो, तेव्हा शाळेच्या जत्रेत खुर्च्या मांडाव्या लागल्याची लटकी तक्रार तो करीत असतो. आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांनी तर उरलेली कुरकुरही काढून टाकली. एखाद्या नटाला साबणाच्या जाहिरातीसाठी 'रोप इन' केल्याची बातमी येते तेव्हा त्या नटाने भरपूर मोबदला घेतलेला असतो व फास कोणाच्याही गळ्यात नसतो.

इंग्रजीतील जुलमाचा शब्द असा गुळगुळीत झाला. मराठीतील शब्दाची गत ह्याहून निराळी आहे. त्याची धार कमी झाली नाही, पण तिचे तोंड फिरले.

मराठीत इंग्रजीसारखी अव्यये क्रियापदाला चिकटत नाहीत. ते काम आपल्याकडे सविभक्तिक नाम करते : धारेवर धरणे, हाताशी धरणे, नावे ठेवणे, कामास लावणे. 'वेठीस धरणे' ह्याच घडणीचे आहे. 'वेठ' हे स्त्रीलिंगी नाम, 'वेठी' हे त्याचे सामान्यरूप आणि '-स' हा चतुर्थीचा प्रत्यय. अर्थ, वेठीसाठी माणूस धरणे. येथे चतुर्थी हेतू सांगते आणि तो हेतू म्हणजे काम. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे सगळा घोटाळा ह्या एका अक्षराभोवती झालेला आहे.

'वेठ' हा शब्द संस्कृत 'विष्टि'पासून आलेला आहे. राजाने प्रजेकडून करादाखल करून घ्यावयाचे श्रम, असा त्याचा अर्थ कौटिलीय अर्थशास्त्रापासून स्थिर आहे. गिरनारच्या पायथ्याशी रुद्रदामन् क्षत्रपाचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, त्यात सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध कर, विष्टि इत्यादींनी प्रजेला न पीडता बांधल्याचे त्याने अभिमानाने नोंदविले आहे. लेखाचा काळ इ. स. १५० च्या आसपासचा. न पीडता बांधला हे सांगावेसे वाटले, ह्यावरून पीडून बांधणे किती नित्याचे होते ते दिसते. वाकाटक द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात दान दिलेल्या गावाला ज्या सवलती आहेत, त्यांत विष्टीची माफी आहे. मराठेशाहीतील इनामांच्या सनदांतही माफीच्या बाबींत 'वेठबेगार' भेटते. म्हणजे सुमारे दीड हजार वर्षे हा शब्द राजसत्तेच्या कागदावर मुख्यतः सूट देण्याच्या निमित्ताने उमटत राहिला. ज्यांना सूट नव्हती त्यांच्याविषयी कागद बोलत नाही. अठराव्या शतकातील वेठबेगारीवर जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा ह्यांनी लिहिलेला निबंध ह्या दृष्टीने आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा.

'वेठबिगार' हा जोडशब्द भाषाशास्त्राच्या दृष्टीने मौजेचा आहे. 'वेठ' देशी आणि 'बेगार' फारसी. दोहोंचा अर्थ एकच. कागदपत्र, धनदौलत ह्या शब्दांत जसा एक घटक दुसऱ्याचे भाषांतर करतो, तसेच येथे आहे. राज्यकर्ते बदलले, दरबारची भाषा बदलली, तेव्हा जुन्या जुलमाला नवे नाव मिळाले आणि जुनेही सुटले नाही. त्यातील 'बिगार'चा पुढला प्रवास स्वतंत्र आहे. आज इमारतीच्या कामावरचा 'बिगारी' हा रोजंदारी घेणारा, अकुशल का होईना, पण मजुरी मिळविणारा मनुष्य आहे.

विष्टीची वंशावळ भारतभर पसरली आहे. गुजरातीत तोच 'वेठ', कन्नडात 'बिट्टि', तेलुगूत 'वेट्टि'. डहाणू-तलासरीच्या बाबतीत ह्याला विशेष महत्त्व आहे. तलासरीचा परिसर १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीकडील गावे महाराष्ट्रात राहिली. १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्याचे तालुके आहेत. सीमा अशा सरकत राहिल्या, परंतु 'वेठ' हा शब्द दोन्ही बाजूंस एकच होता. सावकाराच्या वहीत तो गुजराती लिपीत लिहिला काय आणि कचेरीच्या कागदावर मोडीत वा बाळबोधीत लिहिला काय, वारल्याच्या पाठीला फरक पडत नव्हता.

प्रत्यक्ष वेठ म्हणजे काय, हे समजल्यावाचून वाक्प्रयोगाचा अर्थ समजणार नाही. मुंबई प्रांतातील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी करून डी. सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याने १९३० ते १९४० ह्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारला अहवाल सादर केला. त्यात ह्या भागातील वेठीचे वर्णन आहे. कूळ खंडाने जमीन करी. खंड तर द्यावाच लागे, पण त्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर नांगरणी, लावणी, कापणी, जंगलात लाकूडतोड, कुरणात गवतकापणी, घरी पाणी-सरपण, जे सांगतील ते आणि बोलावतील तेव्हा करावे लागे. न गेल्यास मार बसे. मोबदला मिळालाच तर जास्तीत जास्त एक आणा रोज, आणि पुष्कळदा एका माणसाच्या एका वेळेपुरता तांदूळ. ह्यातील 'बोलावतील तेव्हा' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर लावणीची घाई सर्वांनाच असते. वारल्याची स्वतःची खाचरे त्याच आठवड्यात लावावयाची असतात, आणि त्याच आठवड्यात त्याला मालकाच्या खाचरात उभे राहावे लागे. मालकाची लावणी आटोपून तो स्वतःच्या शेताकडे वळे तोपर्यंत हंगाम उलटलेला असे. म्हणून वेठीत जे जाई ते केवळ एका दिवसाचे श्रम नव्हे. वर्षाचे पीक त्या दिवसाबरोबर जाई.

ह्याच्या जोडीला 'लग्नगडी' होते. लग्नासाठी मालकाकडून उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबावयाचे. उचल फिटत नसे, आणि नवऱ्याबरोबर बायकोही राबे. 'लग्नगडी' हा समास मराठीतील अतिशय कटू समासांपैकी एक आहे. लग्न ह्या मंगल शब्दाला गडी हा शब्द जोडला की दोन्हींचा अर्थ काळवंडतो. येथे इंग्रजीतील एक शब्द आठवतो. ब्रिटिश आरमार बंदरातून माणसे पकडून खलाशी करीत असे. त्या पकडण्याला 'प्रेस' म्हणत आणि पकडणाऱ्या टोळीला 'प्रेस गँग'. वरवर पाहता हा 'दाबणे' ह्या अर्थाचा धातू वाटतो. वस्तुतः तो 'प्रेस्ट' ह्या जुन्या शब्दापासून आला, आणि त्याचा अर्थ 'उसने' वा 'आगाऊ दिलेली रक्कम' असा आहे. हातावर विसाराचे नाणे ठेवले की माणूस राजाचा झाला. पुढे नाणे गेले, बळजबरी राहिली, आणि लोकांनी शब्दाचे मूळ 'दाबणे' ह्यात शोधले. उचल देऊन माणूस विकत घेण्याची ही रीत पोर्टस्मथच्या गोदीत होती आणि डहाणूच्या पाड्यावरही होती.

आता वेठीभोवतीच्या क्रियापदांकडे पाहू. 'वेठीस धरणे', 'वेठीस लावणे', 'वेठ घेणे' ह्या प्रयोगांचा कर्ता मालक अथवा अंमलदार असतो. 'वेठ करणे', 'वेठीला जाणे' ह्यांचा कर्ता राबणारा. एकच घटना दोन बाजूंनी पाहिली की क्रियापद बदलते. परंतु ह्या दोहोंहून निराळा असा एक तिसरा प्रयोग आहे, 'वेठ वारणे', म्हणजे काम कसेबसे, मन न घालता उरकणे. गुजरातीत ह्यालाच 'वेठ उतारवी' म्हणतात आणि हिंदीत 'बेगार टालना'. वारणे, उतरविणे, टाळणे : तिन्ही भाषांनी एकाच जातीचे क्रियापद निवडले आहे. अंगावर आलेले ओझे बाजूला सारण्याचे ते क्रियापद आहे. आज आपण हा प्रयोग आळशी विद्यार्थ्याच्या निबंधाविषयी करतो. ज्याने तो प्रथम केला असेल, त्याच्यासमोर फुकट राबणारा माणूस होता. त्या माणसाजवळ नकार देण्याचे बळ नव्हते, मात्र हात सैल सोडण्याची मुभा त्याने स्वतः घेतली होती. मालकाने तिला कामचुकारपणा म्हटले आणि भाषेने मालकाचे मत नोंदवून ठेवले. राबणाऱ्याची बाजू ह्या वाक्प्रयोगात उलट्या अक्षरांत वाचावी लागते. आमच्या मते, जेथे कागदपत्रे मालकाच्याच हातची आहेत तेथे असे वाक्प्रयोग हे दुय्यम दर्जाचे साधन मानू नये.

१९४५ साली ह्या भागात हात सैल सोडण्याऐवजी उघड नकार आला. त्या वर्षाच्या जानेवारीत टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली होती. तिला उंबरगाव तालुक्यातून काही वारली गेले होते. त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकर ह्या भागात आले आणि २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे सुमारे ५,००० वारल्यांची सभा झाली. तेथे ठरले ते थोडक्यात असे : वेठ करावयाची नाही, जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करावयाचे तर रोज बारा आणे रोख मजुरी घ्यावयाची, मारहाण झाल्यास सर्वांनी मिळून प्रतिकार करावयाचा. एक आण्यावरून बारा आण्यांवर झेप आहे हे खरे, परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्यात दुसरे काही दिसते. वेठीला 'मजुरी' हा शब्द लागू नव्हता. दर मागितला, त्या क्षणी वेठ संपून मजुरी सुरू झाली आणि वेठ्याचा मजूर झाला. दर किती, हा त्यानंतरचा प्रश्न. पुढे गवतकापणीच्या हंगामातही हेच झाले. ह्या भागातील गवत आगगाडीने मुंबईच्या तबेल्यांना जात असे. ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये दर मिळावा म्हणून वारल्यांनी काम थांबविले.

ऑक्टोबरात ह्याची किंमत द्यावी लागली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड ह्यांच्यासह पाच जण ठार झाले. तलासरीत दर वर्षी १० ऑक्टोबरला त्यांचे स्मरण केले जाते. ह्या लढ्याचा वृत्तान्त शामराव परुळेकरांनी 'रिव्होल्ट ऑफ द वारलीज' ह्या १९४७ सालच्या पुस्तिकेत इंग्रजीत दिला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली आले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचा मराठी वाचकांवर एक उपकार असा की वेठीचा मूळ, अंगावर काटा आणणारा अर्थ शहरी मराठीत पुन्हा एकदा ठळक झाला. तो टिकला नाही, हा पुस्तकाचा दोष नव्हे.

'वेठ' हा शब्द त्या काळात अन्यत्रही पेटलेला होता. कुमाऊँत १४ जानेवारी १९२१ रोजी बागेश्वरच्या मकरसंक्रांतीच्या मेळ्यात लोकांनी कुली-बेगारीच्या वह्या सरयू नदीत फेकून दिल्या. तेलंगणात १९४६ पासून जो सशस्त्र लढा झाला, त्यातील एक मुख्य मागणी 'वेट्टि चाकिरि' बंद व्हावी ही होती. तेलंगणाचा शेतमजूर आणि तलासरीचा वारली ह्यांना एकमेकांची भाषा समजली नसती. पण ज्याच्याविरुद्ध ते उठले त्याचे नाव त्यांना एकमेकांच्या तोंडून ओळखता आले असते.

कायद्याने ह्या शब्दाला कसे वागविले तेही पाहण्याजोगे आहे. भारतीय राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने सक्तीच्या श्रमाला बंदी केली. इंग्रजी मसुद्यात तेथे इंग्रजी शब्द न वापरता 'बेगार' हाच शब्द ठेवला आहे. घटनाकारांना त्याचा इंग्रजी प्रतिशब्द पुरेसा वाटला नसावा, आणि तो पुरेसा नाहीच. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात 'करार' ह्या संज्ञेच्या स्पष्टीकरणात देशातील निरनिराळ्या वेठप्रथांची स्थानिक नावे ओळीने दिली आहेत. विधिमंडळाच्या कायद्यात बोलीभाषांचा असा कोश क्वचितच सापडेल. त्यात 'वेट्टि' आहे, 'बेठू' आहे, दक्षिण गुजरातेतील 'हाली' आहे. 'लग्नगडी' मात्र नाही. कायद्याचा अर्थ त्यामुळे संकुचित होत नाही हे खरे. तरीही डहाणूच्या माणसाने ही यादी वाचली तर शेजाऱ्याचे नाव त्यात आहे आणि आपले नाही, हे त्याला खटकल्यावाचून राहणार नाही.

आता नव्या अर्थाकडे वळू. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'वेठ' म्हणजे सत्तेने विनामूल्य वा अत्यल्प मूल्याने करून घेतलेले काम, आणि त्यावरून निष्फळ कष्ट. अडवून धरण्याचा अर्थ तेथे नाही. आजच्या वृत्तपत्रात मात्र 'वेठीस धरणे' ह्याला ठरावीक कर्ते आणि ठरावीक कर्मे आहेत. संपावरील वाहक-चालक प्रवाशांना वेठीस धरतात, निवासी डॉक्टर रुग्णांना, शिक्षक विद्यार्थ्यांना, मोर्चेवाले शहराला. श्रम ह्या अर्थातून सर्वस्वी नाहीसे झाले आहेत. प्रवाशाकडून कोणी काम करून घेत नाही. उलट कोणीतरी काम करीत नाही, हीच तक्रार आहे. ज्या वाक्प्रयोगाचा कर्ता फुकट राबवून घेणारा होता, त्याचा कर्ता आज काम थांबविणारा झाला आहे. झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली, म्हणजेच काम थांबविले. आजचा बातमीदार तेथे असता तर वारल्यांनी ऐन लावणीत जमीनदारांना वेठीस धरले, असे त्याने लिहिले असते, आणि आजच्या मराठीनुसार ते बिनचूक ठरले असते. ह्या ठिकाणी मन थोडे थबकते.

हा बदल कोणी कट करून घडविला असे समजण्याचे कारण नाही. त्याची भाषिक कारणे बरीचशी उकलता येतात. पहिले कारण उघड आहे : शहरी बोलणाऱ्याच्या अनुभवातून वेठ गेली, तेव्हा 'वेठीस' ह्या पदातील नाम त्याला परके झाले. दुसरे कारण आमच्या समजुतीप्रमाणे 'ओलीस' ह्या शब्दाच्या शेजाराचे आहे. 'ओलीस धरणे', 'ओलीस ठेवणे' हे प्रयोग 'वेठीस धरणे' ह्याच्याशी कानाला इतके जुळतात की एकाचा अर्थ दुसऱ्यात झिरपणे सोपे व्हावे. वस्तुतः 'ओलीस'मधील '-स' शब्दाच्या अंगचा आहे आणि 'वेठीस'मधील '-स' विभक्तीचा. परंतु ज्याला 'वेठ' माहीत नाही त्याच्या लेखी 'वेठीस' हा अखंड शब्द होतो, आणि मग त्यातील '-स' हेतू सांगेनासा होतो. 'कशासाठी धरले' हा प्रश्नच उरत नाही; 'धरले' एवढेच उरते. विद्यार्थ्यांच्या वह्यांत 'वेठीस ठेवणे' असा प्रयोग आम्ही अलीकडे पाहिला आहे, आणि तो ह्या तर्काला पुष्टी देणारा आहे.

तिसरे कारण 'धरणे' ह्या नामाकडे नेते. जुन्या काळी धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसून राही. ते 'धरणे'. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०८ खाली जे उदाहरण दिले होते, ते अशाच दारात धरणे धरून बसणाऱ्याचे होते. पुढे चळवळींनी हे नाम उचलले, आणि आज धरणे धरतो तो मागणी करणारा. म्हणजे 'धर' ह्या एकाच धातूपासून 'वेठीस धरणे' हे बलवानाचे आणि 'धरणे धरणे' हे बहुशः निर्बलाचे अशी दोन रूपे शेजारी राहत होती. जो 'धरणे धरतो' त्यालाच 'वेठीस धरतो' असे म्हणण्यास एका धातूचे अंतर पुरले. कारणे अशी निरुपद्रवी आहेत. परंतु शब्द ज्या दिशेने वळला ती दिशा कोणाला सोयीची होती, हा प्रश्न ध्वनिसाम्याने सुटत नाही. संपामुळे खोळंबलेला मनुष्य वृत्तपत्राचा वाचक असतो. संप करणाराही असतो, पण मथळा पहिल्याच्या जागेवरून लिहिला जातो. 'वेठ वारणे' ह्या प्रयोगात मालकाची नजर गोठली होती. येथे ग्राहकाची गोठली आहे.

अर्थ बदलतात, त्याला शुद्धाशुद्धाची पट्टी लावून उपयोग नाही. नवा अर्थ रूढ आहे आणि कोशकाराने तो नोंदविलाच पाहिजे. आमची तक्रार आहे ती जुना अर्थ पुसला जाण्याविषयी, आणि ती व्यावहारिक आहे. पदव्युत्तर प्रबंधांत १९४५ च्या आसपासची मराठी साधने इंग्रजीत उतरविताना 'वेठीस धरले' ह्याला 'होल्ड टू रॅन्सम' म्हटले की खंडणीखोर आणि ओलीस अशी दोन पात्रे निर्माण होतात. जमीन, खंड, लावणीचा आठवडा, लग्नाची उचल हे सारे निघून जाते. खंडणी दिली की ओलीस सुटतो. लग्नगड्याने आयुष्यभर खंडणीच दिली आणि तो सुटला नाही. 'रोप इन' हे भाषांतर अपुरे आहे. त्यात गळ्यातील दोर आहे व काम आहे, परंतु मार नाही आणि सूरही फार हलका आहे. 'फोर्स्ड लेबर' हे नाम अचूक, पण त्यात धरून नेणारा हात दिसत नाही. तेव्हा अनुवादकाने 'वेठ' हाच शब्द ठेवून एकदा नीट समजावून द्यावा, हे उत्तम. घटनाकारांनी 'बेगार'च्या बाबतीत तेच केले.

त्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांसमोर आणखी एक उदाहरण ठेवले होते. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईकडे निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या ह्या मोर्चात ठाणे-पालघर जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रीपुरुषही होते, आणि वनजमिनीचा हक्क ही त्यातील एक मुख्य मागणी होती. ११ मार्चच्या रात्री मोर्चा मुंबईत सोमय्या मैदानावर मुक्कामाला होता. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी निघाल्यास रस्ते बंद होऊन मुलांना परीक्षेला पोचता येणार नाही, म्हणून पायांना फोड आलेले ते लोक मध्यरात्रीनंतर उठले आणि उजाडण्यापूर्वी आझाद मैदानावर जाऊन बसले. ह्या घटनेचे एका वाक्यात वर्णन करा आणि त्यात 'वेठ' हा शब्द कोठे तरी वापरा, असे आम्ही सांगितले. पाऊण तास गेला. पुष्कळ वाक्ये झाली, खोडली गेली. 'रोप इन' लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने वही कोरीच दिली आणि विचारले, नवा अर्थ घ्यावयाचा की जुना, हे सर आधी सांगतील काय.